दाराला कडुलिंब बांधेपर्यंत गोवर गल्लीभर झालेला असतो: आयांचे आणि आज्यांचे नेहमीचे प्रश्न

मी १९८६ साली सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले. गोवराची लस आदल्याच वर्षी देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली होती. गावातल्या म्हाताऱ्या मला बरेच दिवस ‘देवीवाली बाई’ म्हणायच्या, कारण टोचायला येतो तो देवीचा डॉक्टर, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पुढं आरोग्य सहाय्यिका झाले, आता निवृत्त आहे. तरी थंडी सरायला लागली, उसाच्या फडात कोयते चालू असले, की फोन येतातच. “ताई, पोराच्या अंगावर उठलंय, काय करू?” तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते. हे वाचलं म्हणून डॉक्टरकडं जायचं मात्र टाळू नका.

गोवर नेमका कशानं पसरतो? शिवल्यानं, उष्ट्यानं, की हवेतून?

हवेतून. शिंक, खोकला, बोलणं, रडणं, नुसता श्वाससुद्धा पुरतो. गोवर झालेल्या पोराच्या नाकातोंडातून विषाणू असलेले बारीक कण बाहेर पडतात. त्यातले मोठे थेंब खाली पडतात, पण अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतात. देवघरात उदबत्ती लावली, ती विझून गेली, तरी मागाहून कुणी दार उघडलं की वास येतोच ना? तसंच समजा. पोर खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू जिवंत राहू शकतो. त्या दोन तासांत आत आलेल्या दुसऱ्या पोरानं पहिल्याचं तोंडही पाहिलेलं नसतं, आणि तरी त्याला गोवर होतो.

नाक पुसलेल्या हातानं, फडक्यानंही लागण होऊ शकते, नाही असं नाही. पण लोक भांडी वेगळी ठेवतात, टॉवेल वेगळा ठेवतात आणि सगळी पोरं त्याच बंद खोलीत निजवतात. राखण करायची ती हवेची, आणि आपण राखतो ताट-वाटी.

इतर साथींपेक्षा हा जास्त पसरतो का?

माणसाला होणाऱ्या रोगांत इतका संसर्गजन्य दुसरा सापडणं अवघड. ज्यांना पूर्वी गोवर झालेला नाही आणि लसही नाही अशी दहा पोरं एका घरात गोवराच्या रुग्णाजवळ राहिली, तर त्यातल्या नऊ जणांना तो होतो. कुणालाच लस नसलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण देतो. करोनाच्या सुरुवातीला हाच आकडा दोन-तीनच्या आसपास होता. त्या दोन-तीननं आपण काय काय पाहिलं ते आठवा.

म्हणून तर लसीचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर लागतं. वीस पोरांच्या अंगणवाडीत एखादं राहिलं तर बाकीची एकोणीस त्याला आडोसा देतात. तीन-चार राहिली की आडोसा उरत नाही.

आजारी पोर दुसऱ्याला किती दिवस गोवर देऊ शकतं?

ह्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत.

आता हे कॅलेंडरवर मांडून बघा. समजा पोराच्या कानामागं पुरळ दिसलं शुक्रवारी. म्हणजे ते सोमवारपासूनच गोवर वाटत होतं. सोमवारी काय होतं? जरा कणकण, नाक गळतंय, खोकला. आईनं पॅरासिटामॉलचं औषध पाजलं, स्वेटर घातला आणि शाळेत पाठवलं, कारण चाचणी होती. मंगळवारी ताप चढला, पण संध्याकाळी मामाच्या पोरीचं बारसं होतं, तिथं नेलं. सगळ्या बायकांनी कडेवर घेतलं. बुधवारी दवाखान्यात तासभर बाकावर बसवलं. शुक्रवारी पुरळ दिसलं तेव्हा आजीनं दाराला कडुलिंब बांधला आणि सांगितलं, आता कुणी यायचं नाही.

आजीचं चुकलं नाही. पण शाळा, बारसं, दवाखाना सगळं होऊन गेलेलं होतं. पुरळ बघून दार लावून गोवर थांबत नाही, तो ह्याच कारणानं. मी नोकरीत असताना ‘रुग्ण वेगळा ठेवा’ असं सांगत फिरले, आणि ते सांगायलाच हवं, पण त्यावर एकट्यावर विसंबले असते तर एकही साथ आटोक्यात आली नसती. जे काम करायचं ते पोर खणखणीत असतानाच, दंडावर करून ठेवावं लागतं.

लागण झाल्यावर किती दिवसांनी कळतं?

ताप यायला साधारण दहा-बारा दिवस, पुरळ दिसायला चौदाच्या आसपास. कधी सातव्या दिवशीही दिसतं, कधी एकविसावा उजाडतो. त्यामुळं शेजारच्या पोराला गोवर निघाला आणि आपलं आठवडाभर ठणठणीत आहे, म्हणून हुश्श करू नका. तीन आठवडे नजर ठेवा.

हे चौदा दिवसांचं गणित कुणी शोधलं ठाऊक आहे? १८४६ साली अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर एका प्रवाशाबरोबर गोवर आला. तिथं त्याआधी ६५ वर्षं गोवर नव्हता. बेटांवर सात हजार सातशेच्या वर माणसं, त्यातली सहा हजारांच्या आसपास काही महिन्यांत आजारी पडली. पीटर पॅनम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव फिरला, कोण कुणाला कधी भेटलं ते लोकांना विचारून लिहून काढलं, आणि भेटीपासून पुरळापर्यंत तेरा-चौदा दिवस जातात हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांना ह्या खेपेला तो झाला नाही. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नुसतं वहीपेन्सिलीवर त्यानं हे काढलं. आमच्या आशाताईंना मी ही गोष्ट नेहमी सांगायचे, कारण वहीत तारखा लिहायचा त्यांना फार कंटाळा.

साधी सर्दी आणि गोवर, सुरुवातीला ओळखायचं कसं?

डोळ्यांकडं बघा. गोवरात तापाबरोबर खोकला, गळतं नाक आणि लालभडक, पाणावलेले डोळे हे तिन्ही असतात. उजेड सहन होत नाही, पोर खिडकीकडं पाठ करून बसतं. ताप रोज चढत जातो, १०४ पर्यंतही जातो. तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर बघितलं तर कधी कधी मिठाचे खडे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. हेन्री कॉप्लिक ह्या डॉक्टरनं १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि लगेच जातात, त्यामुळं नाही दिसले म्हणून गोवर नाही असं धरू नका.

पुरळ कानामागून, केसांच्या कडेनं सुरू होतं. मग चेहरा, मान, छाती, पोट, आणि शेवटी पाय, असं तीन दिवसांत खाली उतरतं. आपल्या सावळ्या पोरांच्या अंगावर ते लाल दिसेलच असं नाही. अशा वेळी तळहात फिरवा, बारीक रव्यासारखं लागतं. पाच-सहा दिवसांनी ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं जातं आणि मागं तपकिरी डाग, कोंडा ठेवून जातं.

मग कांजिण्या आणि गोवर एकच ना?

नाही. आपल्याकडं ‘गोवर-कांजिण्या’ असा जोडशब्दच आहे, तिथंच घोळ होतो. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात, ते खाजतात, पोटा-पाठीवर जास्त असतात, आणि एकाच वेळी नवे फोड, जुन्या खपल्या असं सगळं दिसतं. गोवरात पाणी भरत नाही आणि खोकला, डोळे सोबत असतात. विषाणू वेगळा, लस वेगळी.

ऊसतोडीच्या टोळ्या गोवर घेऊन येतात, असं म्हणतात. खरं का?

हे वाक्य मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर इतक्यांदा ऐकलंय, की सविस्तरच लिहिते.

दसरा-दिवाळीला बीडकडून, जतेकडून, आटपाडीकडून टोळ्या येतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पार मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. आता हिशोब करा. गोवराचा पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर. श्रावणात सात महिन्यांचं असलेलं लेकरू नऊ महिन्यांचं होतं ते फडावर. गावाकडच्या नर्सबाईच्या यादीत त्याचं नाव आहे, पण लेकरू तिथं नाही. आमच्याकडं लेकरू आहे, पण यादीत नाव नाही. कार्ड राहिलंय गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत. परत जाईपर्यंत ते सव्वा वर्षाचं होतं, आणि दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत; तो गावाकडच्या चार-पाच महिन्यांत राहून गेला, की पुढच्या हंगामात पुन्हा फडावरच. हंगाम नि डोस असे अंगावर अंग येतात. ह्यात आईबापाचा दोष किती नि आपला किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

ऊसतोड्यांची कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, आतून पाहिली आहे का तुम्ही? बांबूच्या कामट्या वाकवून वर पाचट आणि ताडपत्री. वाकून आत शिरायचं. खिडकी नाही, दार एकच, थंडीचं तेही पोत्यानं झाकलेलं. एका जानेवारीत दिवेलागणीला मी अशा कोपीत गेले, कारण दिवसा गेलं तर आईबाप फडात असतात आणि कोपीत पोरंच पोरांना सांभाळत बसलेली. बॅटरी मारली तशी एका तीन वर्षांच्या पोरीनं डोळे आईच्या पदरात खुपसले. पापण्या पुवानं चिकटलेल्या, वरच्या ओठावर शेंबूड वाळलेला. मी कानामागचे केस बाजूला केले आणि बोट फिरवलं. खरखरीत लागलं. त्याच गोधडीत तिच्यासोबत चार पोरं निजलेली होती, पाचवं आईच्या अंगावर पीत होतं. बाहेर बैल घुंगरं वाजवत वैरण खात होते आणि आई मला विचारत होती, “बाई, उद्या खाडा धरला तर मुकादम उचल कापंल का?”

त्या साथीत आम्ही तारखा मागं मागं नेल्या तेव्हा पहिलं पोर निघालं ते टोळीतलं नव्हतंच. गावातलंच, शहरातून लग्नाहून परतलेल्या घरातलं. दुकानात दूध-बिस्किटाला टोळीतली पोरं यायची, तिथून कोप्यांत गेला. गावात फार पसरला नाही, कारण गावातल्या पोरांना डोस होते. कोप्यांत पसरला, कारण तिथं नव्हते. लोकांना दिसलं ते उलटं.

तर टोळीच्या मुकादमाला, कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देतो तो) किंवा स्वतः जाऊन कोपीतल्या आईला एवढंच सांगा: लस कुठल्याही जिल्ह्याच्या लेकराला कुठल्याही सरकारी केंद्रावर फुकट मिळते. कार्ड नसलं तरी, आधार नसलं तरी. वीटभट्टीवरच्या, मेंढपाळांच्या पोरांनाही हेच लागू.

जत्रेत, लग्नात, एसटीत नेलं तर?

गोवराचा जोर आपल्याकडं थंडीच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असतो. खरसुंडीची यात्रा, गावोगावच्या चैत्रातल्या जत्रा आणि लग्नसराई त्याच्याच आगेमागे. डोस झालेलं पोर खुशाल न्या. नऊ महिन्यांच्या आतलं तान्हं, ज्याला अजून लसच नाही, त्याला गर्दीत फिरवायची हौस आवरा. आणि काचा लावलेल्या जत-सांगली एसटीत शेजारी ताप-खोकल्याचं पोर असेल तर थंडी वाजली तरी खिडकी सरकवा.

दवाखान्यात नेताना काय काळजी घ्यायची?

आधी फोन करा. एका दवाखान्यात पुरळ उठलेलं पोर सव्वा तास नंबर लागायची वाट बघत बसलेलं मी पाहिलंय. शेजारी बीसीजी-पोलिओला आणलेली दोन तान्ही. मी कंपाउंडरला म्हटलं, ह्याला आधी आत घ्या. तो म्हणाला, नंबरानंच घेतो, भांडणं होतात. दोन आठवड्यांनी त्या भागातून आम्हाला ताप-पुरळाची तीन पोरं मिळाली. तिथूनच लागलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तो बाक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

शक्यतो पोराला बाहेर रिक्षात किंवा झाडाखाली घेऊन थांबा, मोठ्या माणसानं आत जाऊन सांगावं. पोर खोलीतून गेल्यावर दारं-खिडक्या सताड उघडायला सांगा. हा विषाणू उन्हात, उष्णतेत, साबणाच्या पाण्यात लवकर मरतो. मोकळी हवा आणि ऊन फुकट मिळतं, आणि नेमकं तेच आजाऱ्याच्या खोलीत आपण येऊ देत नाही.

एकाला गोवर आला, घरातल्या बाकीच्या पोरांना लगेच लस दिली तर उपयोग होतो का?

संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत दिली तर बऱ्याचदा आजार टळतो किंवा हलका होतो. पण वरचं कॅलेंडर आठवा. पुरळ दिसलं तेव्हा सख्ख्या भावंडाच्या संपर्काला चार दिवस झालेले असतात, त्याच्यासाठी बहुतेक उशीरच झालेला असतो. तरीही डोस राहिला असेल तर घ्यावा, पुढं कामाला येतो. ह्या ७२ तासांचा खरा फायदा होतो तो वाड्यातल्या, गल्लीतल्या पोरांना, ज्यांचा संपर्क काल-परवाचा आहे.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, किंवा कॅन्सरच्या औषधांमुळं ताकद कमी झालेलं पोर संपर्कात आलं असेल तर त्यांना ही लस चालत नाही. त्यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत द्यायचं तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या घटकांचं, इंजेक्शन असतं. मिरजेच्या सरकारी रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी विचारा, आणि ‘बघू दोन दिवस’ करू नका.

दाराला कडुलिंब, घरात फोडणी नाही, अंघोळ नाही. हे पाळावं का?

ह्यातलं बरंचसं देवीच्या काळातलं आहे. देवी म्हणजे तो वेगळा, भयंकर रोग. आपल्या देशात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला, पण त्याचे सोवळे-नियम गोवराला चिकटून राहिले.

मी कुणाचा कडुलिंब काढून फेकला नाही. त्यानं अपाय नाही, आणि दारावर पाला दिसला की परकं माणूस बाहेरूनच हाक मारतं, हा फायदाच. फोडणी बंद ठेवण्यालाही माझी हरकत नाही. खोकून बेजार झालेल्या पोराला मिरची-मोहरीचा धूर कशाला? पण अंघोळ बंद नको. कोमट पाण्यानं अंग पुसा, डोळे रोज उकळून गार केलेल्या पाण्यानं स्वच्छ करा. खोली अंधारी ठेवलीत तर चालेल, बंद ठेवू नका. आणि पथ्य म्हणून उपाशी तर मुळीच ठेवू नका. नुसत्या पेजेवर आठ दिवस काढलेलं पोर गोवरातून उठतं आणि जुलाबानं आडवं होतं.

‘गोवर आत दबला’ असंही म्हणतात. पुरळ कमी दिसलं म्हणून विषाणू आत दबत नाही. पण पुरळ जात असताना ताप पुन्हा चढला, धाप लागली, तर तो बहुतेक वेळा न्यूमोनिया असतो. आज्या ‘दबला’ म्हणायच्या ते ह्यालाच असावं, असा माझा आपला अंदाज आहे. तेव्हा आजी ‘दबला’ म्हणाली की वाद घालू नका, गाडी काढा.

लस नऊ महिन्यांनीच का? जन्मल्या जन्मल्या का नाही?

आईच्या रक्तातून बाळाला गोवराविरुद्धची थोडी ताकद आलेली असते. ती असेपर्यंत लस दिली तर तीच लसीला निकामी करते. ही ताकद हळूहळू ओसरते, म्हणून नऊ महिन्यांचा मुहूर्त. मोठी साथ आली तर सहा महिन्यांपासूनही एक जादा डोस देतात. २०२२ साली मुंबईत गोवंडीकडं साथ उसळली तेव्हा तसा निर्णय झाला होता. तो डोस नेहमीच्या दोन डोसांत मोजत नाहीत.

मग दुसरा डोस कशाला?

पहिला डोस ‘उतरतो’ म्हणून दुसरा, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. नऊ महिन्यांना दिलेला डोस शंभरातल्या साधारण ८५ पोरांना लागू पडतो. उरलेल्या पंधरांच्या अंगात काहीच घडलेलं नसतं, आणि ती कोणती हे बाहेरून कळत नाही. दुसरा डोस त्यांच्यासाठी. तो झाला की ९५ च्या वर पोरं सुरक्षित होतात. आपल्या देशात दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. आता दोन्ही डोस गोवर आणि रुबेला (गोवरासारखंच पुरळ आणणारा दुसरा आजार) मिळून असतात. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून मोठी मोहीम झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या सगळ्या पोरांना, ती ह्याच लसीची. खाजगीत गालगुंडाची लसही त्यात मिसळलेली असते.

दोन्ही डोस घेऊनही शेजारच्या पोराला गोवर झाला. मग लस खराब होती का?

शंभरातली दोन-तीन राहतातच. पण लस खराब होऊ शकते हेही खरं आहे.

ही लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते. तपकिरी काचेची बोटाएवढी कुपी, कारण उजेड तिला मारतो. २ ते ८ अंश तापमानात ठेवायची. केंद्रावरून सत्राच्या गावी न्यायची ती बर्फाच्या डब्यात. सोबत आलेलं पाणीच त्यात घालायचं, तेही तितकंच थंड. पाणी घातल्या क्षणी मी कुपीवर पेनानं वेळ लिहायचे, १०.२०. मग २.२० ला उरलेली लस टाकून द्यायची, आत डोस शिल्लक असले तरी. चार तासांनंतर ती ठेवणं धोक्याचं.

आता एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीला, बुधवारच्या सत्राला एकच पोर आलं तर मी आईला म्हणायचे, “पुढच्या वेळी या, एकासाठी कुपी फोडत नाही.” वाया जाईल ह्या भीतीनं. असं दोन मैल चालत आलेल्या एका आईला परत पाठवलं होतं. ती पुढच्या वेळी आली नाही, आणि तिच्या लेकराला गोवर निघाला. ते वाचलं, पण एक डोळा अधू झाला. नियम असा आहे की एका पोरासाठीही कुपी फोडायची. तुम्हाला कुणी ‘पोरं कमी आहेत’ म्हणून परत पाठवत असेल तर हे त्यांना सांगा, एका जुन्या नर्सबाईनं सांगितलं म्हणून सांगितलंत तरी चालेल.

लस दिल्यावर ताप आला, अंगावर बारीक उठलं. ह्यातून दुसऱ्याला लागतो का?

नाही. पाचव्या ते बाराव्या दिवसात काही पोरांना असं होतं, दोन दिवसांत जातं.

सर्दी, जुलाब असताना लस द्यावी का? पोर फारच अशक्त असेल तर?

साध्या सर्दी-जुलाबासाठी डोस पुढं ढकलू नका. कुपोषित पोराला तर ही लस सगळ्यांत आधी, कारण गोवर मारतो तो त्यालाच. अंगात खूप ताप असेल, किंवा कॅन्सरसारख्या आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरला विचारून.

एकदा होऊन गेला की जन्माची कटकट मिटते. मग होऊ दिला तर काय बिघडलं?

पुन्हा सहसा होत नाही, हे खरं. पण त्याची किंमत बघा. गोवरानंतर न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणं सर्रास. हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते. आणि क्वचित एखाद्या पोरात विषाणू मेंदूत गप्प बसून राहतो आणि सात-दहा वर्षांनी डोकं वर काढतो. चांगलं शाळेत जाणारं पोर हळूहळू विसरायला लागतं, झटके येतात, आणि त्यावर इलाज नाही.

शिवाय २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की गोवर शरीराची जुनी आठवण पुसतो. आधीच्या आजारांशी लढून अंगानं कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. आमच्याकडच्या बायका हे संशोधनाच्या आधीपासून सांगत होत्या: “गोवर होऊन गेल्यापासनं पोरगं सारखं आजारीच असतंय.” आम्हीच ते मनावर घेत नव्हतो.

घरी काय करायचं?

विषाणूवर औषध नाही, अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाही. ताप उतरवायला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन पोरांना कधीच नको. अंगावरचं दूध चालू, पाणी, ताक, सरबत, डाळभात थोडा थोडा पण सारखा. आणि जीवनसत्त्व ‘अ’ चे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस. एक वर्षावरच्या पोराला दर वेळी २ लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. हे केंद्रावरच घ्यायचं, घरी मापून नाही. त्यानं डोळे वाचतात, जीवही वाचतो.

धाप लागली, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला, पोर पीत-खात नाही, गुंगीत राहतं, डोळ्याच्या बुबुळावर पांढुरकं दिसू लागलं, तर वाट न बघता १०८ ला फोन.

शाळेत कधी पाठवायचं?

पुरळ उठल्याच्या दिवसानंतर पुरे चार दिवस गेल्यावर तो पसरत नाही. पण पोराला तेवढ्यात ताकद कुठली यायला? आठवडा-दहा दिवस घरीच राहू द्या.

आशाताईला सांगितलं तर रक्त काढतील, गावात बोभाटा होईल. सांगावंच का?

रक्त काढतात, खरं आहे. ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक पोराची नोंद करून नमुना तपासतात, कारण नुसत्या डोळ्यांनी गोवर आणि रुबेला सांगता येत नाही. रुबेला पोराला फारसा त्रास देत नाही, पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय घेऊन जातो. तुमच्या गल्लीत दोन महिन्यांची गरोदर सून असेल आणि तिनं अजून कुणाला सांगितलंही नसेल.

कार्ड हरवलंय. दुसरा डोस झाला की नाही आठवत नाही. आता काय?

पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रावर राहिलेला डोस देतात. झालेला असताना पुन्हा दिला गेला तरी अपाय नाही, तेव्हा शंका असेल तर द्याच. जाण्याआधी मात्र एकदा सासूबाईंची पेटी उघडून बघा. गोधड्यांखाली, बारशाच्या कुंचीच्या घडीत, मला आजवर सगळ्यांत जास्त कार्डं तिथंच सापडली आहेत.